चुनखडी भाजल्यावर वजन कमी का होतं?

शुद्ध चुनखडी 100 किलो घेऊन भट्टीत पूर्ण भाजली, तर हाती फक्त 56 किलो कळीचा चुना येतो. बाकीचे 44 किलो जळून गेले असं वाटतं. पण इथे चुनखडी जळत नाही, तिचं विघटन होतं. जळतं ते इंधन. साधारण 900 अंश सेल्सिअसला कॅल्शियम कार्बोनेटपासून कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू धुराड्यातून निघून जातो, तराजूत येतच नाही. तो सगळा पकडून तोलला, तर बेरीज पुन्हा 100 किलोच भरते. अणू तेवढेच राहतात, त्यांची जुळणी बदलते.

स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी 1756 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तराजूच्याच मदतीने ही घट वायूमुळे होते हे दाखवलं. लॅव्हाझिए यांचं नाव या नियमाशी जोडलं गेलं ते त्यानंतर.

शाळेत हे समीकरण पाठ होतं, पण 44 चा हिशोब फारसा कुणी मांडत नाही. सिमेंटच्या भट्टीतही चुनखडीच भाजतात. त्यामुळे उद्या कोळशाऐवजी सौरऊर्जा वापरली, तरी दगडातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड थांबणार नाही. तो वेगळा पकडून साठवावा लागेल किंवा चुनखडीचा वापर कमी करावा लागेल.

भिंतीला दिलेल्या चुन्यात मात्र उलट घडतं: पाण्यात विरवलेला चुना हवेतला हाच वायू हळूहळू शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो.