शुश्रूषा, अंत्यावस्थेतील वृद्धांची
रोग बरा होण्याची शक्यता उरली नसता वृद्धाच्या वेदना शमविणारी सेवा. प्रथम परिचारिका व पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली साँडर्स यांनी लंडन येथे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस (१९६७) स्थापून तिला शास्त्रीय बैठक दिली. मुंबईचे शांती आवेदना सदन (१९८६) हे भारतातील असे पहिले शुश्रूषालय होय. पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र १९९७ मध्ये निघाले. दोन्ही संस्था मुख्यतः कर्करोग्यांसाठी आहेत. वृद्धाश्रमांत मात्र हा भार परिचारिकांवरच पडतो. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने दुर्मिळ झालेल्या मॉर्फीनचे नियम २०१४ मध्ये शिथिल झाले, तरी त्यास डॉक्टरांचा लेखी आदेश लागतो. कूस बदलणे, तोंड ओलसर ठेवणे, शय्याव्रण टाळणे व जवळ बसणे ही कामे परिचारिकेची. उपचार थांबल्यावरही ती थांबत नाहीत.