दीनबंधुकार नारायणराव लोखंडे

आपल्या भंडारा जिल्ह्यातील माळी समाजाच्या कित्येक घरांत जोतिराव व सावित्रीबाई यांच्या तसबिरी भक्तिभावाने लावलेल्या आढळतात. परंतु 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव नव्या पिढीच्या कानी क्वचितच पडते. ते आपल्याच समाजाचे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले.

'दीनबंधु' मूळचा पुण्याचा. सत्यशोधक समाजाचे कृष्णराव भालेकर यांनी तो १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केला. ज्यांच्यासाठी पत्र काढावयाचे त्यांच्यातच अक्षरओळख असलेला विरळा. वर्गणी येणार कोठून? पैशाअभावी पत्र थकले, तेव्हा १८८० मध्ये लोखंड्यांनी ते मुंबईस नेऊन पुन्हा उभे केले.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. जोतिरावांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'ने छापली व पुढील छापणे थांबविले. जोतिरावांनी त्याबद्दल आपल्याच लोकांतील छापखानेवाल्यांना भेकड ठरविले. कित्येक लेखक आदरापोटी हा प्रसंग गाळतात. आम्हांस ते रुचत नाही. त्या ग्रंथात भटशाहीप्रमाणेच गोऱ्या अंमलदारांवरही कोरडे ओढलेले होते, आणि पत्र व छापखाना सांभाळणाऱ्यास सरकारी रोषाची धास्ती वाटणे अस्वाभाविक नव्हे. तथापि आमच्या मते जोतिरावांचा राग रास्तच होता. ज्या शेतकऱ्याचे नाव घेऊन पत्र चालावयाचे, त्याचीच कैफियत अर्ध्यावर राहिली.

मात्र तेवढ्यावरून माणूस जोखू नये. लोखंड्यांनी स्वतः गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेली असल्याने मजुरांचे हाल त्यांना परके नव्हते. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरविली. साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, एवढेच मागणे! तेही मिळेना. सहा वर्षे हा धोशा चालला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजूर जमले आणि दोन स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी मालकसंघाने रविवारची सुटी मान्य केली. आपल्या जिल्ह्यात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायांचा हिशेब मात्र विड्यांच्या मोजणीवर. त्यांना रविवार कसला, ही गोष्ट वेगळी.

त्याच सुमारास विधवांचे केशवपन करणार नाही, असा निश्चय मुंबईच्या नाभिकांकडून करविण्यातही लोखंड्यांचा पुढाकार होता. १८९५ मध्ये त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली. मुंबईत प्लेगने थैमान मांडले तेव्हा ते शहर सोडून गेले नाहीत; त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. भारत सरकारने २००५ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.