छिन्नीपासून मळसूत्री यंत्रापर्यंत

लेण्याद्रीच्या पायऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी चढल्या असतील. तिथली लेणी दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने कोरली. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा लेखही याच काळ्या पाषाणात आहे. जुन्नर-आंबेगावच्या विहिरीसुद्धा ह्याच पाषाणात उतरल्या. पहारेने भोक पाडायचे, सुरुंग ठासायचा, फुटलेला दगड वर काढायचा. एकेका विहिरीत माणसांचे उन्हाळेच्या उन्हाळे गेले.

हे कष्ट दाबलेल्या हवेने हलके केले. युरोपात आल्प्स पर्वतातला फ्रेजुसचा बोगदा १८७१ साली खुला झाला. तिथे १८६१ पासून हवेच्या जोरावर दगड पोखरला जात होता. पुण्याला १९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी निघाली आणि हवा दाबण्याची यंत्रे आपल्याच जिल्ह्यात होऊ लागली.

पण हवा दाबली की ती तापते. सायकलला पंप मारून बघा, नळी हाताला गरम लागेल. जर्मनीत हाइनरिख क्रिगार यांनी १८७८ सालीच दोन मळसूत्रांच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. पुढे १९३० नंतर स्वीडनमध्ये आल्फ लिशोल्म यांनी ते कामाजोगे केले. तरी मळसूत्रांमधल्या फटीतून हवा मागे निसटे. १९५० नंतरच्या दशकात यावर तोड निघाली ती अशी, की हवेबरोबर तेलही आत सोडायचे. ते फट बुजवते, उष्णता शोषते आणि वंगणही करते. एक तेल, तीन कामे!

आता हे तेल परत कसे मिळवायचे? खळ्यावर आपण धान्य उफणतो. भूस उडते, दाणा खाली पडतो. तसेच इथे होते. टाकीत हवा गरगर फिरते, जड थेंब भिंतीवर आपटून खाली येतात. उरलेले धुके बारीक तंतूंच्या गाळणीत अडते, थेंब एकत्र होतात आणि एका बारीक नळीने परत जातात. तळचे तेल हवेच्याच दाबाने, निवून, गाळून पुन्हा मळसूत्रांकडे जाते.

बोअरची गाडी दारात आली, की ह्याच यंत्राचा आवाज आपल्याला ऐकू येतो. ती बारीक नळी तुंबली किंवा टाकीत तेल जास्त भरले, तर तेल हवेबरोबर निघून जाते, यंत्र तापते आणि भोक अर्धवट राहते. पावसाळ्यात यंत्र पुरेसे तापू दिले नाही, तर हवेतला ओलावा तेलात उतरतो आणि तेल नासते.

आणि एक गोष्ट तरुणांनी पक्की ध्यानात ठेवावी. यंत्र थांबले तरी टाकीतला दाब लगेच उतरत नाही. काटा शून्यावर येईपर्यंत तेलाचे झाकण उघडू नये. उसळलेले तेल अंग भाजून काढते.

शिक्षकांनी वर्गात सायकलचा पंप जरूर न्यावा. पाथरवटाच्या छिन्नीपासून ह्या यंत्रापर्यंतची वाट मुलांना तिथूनच दाखविता येईल.