एफटीपी: ओळखीतल्या लोकांसाठी बांधलेला रस्ता

तुमच्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळाची वेबसाइट सांभाळायचं काम कधीतरी तुमच्याकडे येऊ शकतं. ‘तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा’ म्हणत कुणी काका युजरनेम आणि पासवर्ड हातात ठेवतील. गणपतीचं वेळापत्रक साइटवर चढवायचंय. फाइलझिला, विनएससीपी असं एखादं सॉफ्टवेअर तुम्ही उघडता आणि ते विचारतं: एफटीपी, एफटीपीएस की एसएफटीपी? नावं भावंडांसारखी, पण तिघांचा जन्म वेगवेगळ्या काळातला. तो इतिहास कळला की निवड सोपी होते.

सुरुवात १९७१ मध्ये झाली. अमेरिकेतली विद्यापीठं आणि संशोधन संस्था जोडणारं अर्पानेट तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं होतं. एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये काम करणाऱ्या अभय भूषण यांचा ‘आरएफसी ११४’ हा दस्तऐवज १६ एप्रिलला आला. भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. अडचण अशी होती की प्रत्येक कॉम्प्युटरची माहिती साठवायची तऱ्हा निराळी: कुठे ३६ बिटांचा शब्द, कुठे ३२ बिटांचा. पलीकडच्या मशीनच्या खोडी न शिकताही फाइल आणता-नेता यावी, म्हणून भूषण यांनी सगळ्या मशीनसाठी एक सामायिक बोली सुचवली. तीच एफटीपी.

पुढे तिच्यात बरेच बदल झाले. १९८५ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी ‘आरएफसी ९५९’ लिहिला. आज आपण जिला एफटीपी म्हणतो ती मुख्यतः हीच. यात दोन जोडण्या असतात: एकीवरून हुकूम जातात, दुसरीवरून फाइल. पासवर्डही लागतो, पण तो पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जातो. वाटेत कुणीही वाचावा. आज हे वाचून आपण कपाळाला हात लावतो. पण तेव्हाचं नेटवर्क एखाद्या वाड्यासारखं होतं. कोण कुठल्या खोलीत राहतं, हे बहुतेकांना ठाऊक. तिथे कुलपाची चिंता कोण करणार?

नव्वदच्या दशकात वेब आलं आणि वाड्याचं शहर झालं. घरबसल्या साइट बनवणारे हजारो लोक एफटीपी वापरू लागले. डावीकडे आपला कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर, मधे बाण: ही दोन खणांची मांडणी तेव्हाच रुळली. मराठी साइट करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट जपावी लागे. युनिकोड रुळण्याआधी देवनागरी पानासोबत वाचकाला फाँटची फाइलही द्यावी लागायची. एफटीपीचे दोन मोड असतात, आस्की आणि बायनरी. आस्की मोड ओळींच्या शेवटची चिन्हं समोरच्या मशीनप्रमाणे बदलतो. मजकुराला ते चालतं, पण फाँट किंवा फोटो तसा पाठवला की फाइल बिघडते. मग वाचकाला ‘नमस्कार’च्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसणार. आजही फोटो चढवल्यावर फाटका दिसला, तर आधी हा मोड तपासा.

पासवर्डचं दुखणं मात्र तसंच राहिलं. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड चोरीला गेले. तिथल्या ताटू य्लोनेन या संशोधकानं त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं: सगळं संभाषण कुलूपबंद. एसएफटीपी हे त्याच घरचं. ते २२ नंबरच्या पोर्टवर एकाच जोडणीत सगळं काम उरकतं, त्यामुळे घरच्या राउटरशीही फारसं भांडण होत नाही. नाव सारखं असलं तरी त्याचं जुन्या एफटीपीशी रक्ताचं नातं नाही. एफटीपीएस म्हणजे मात्र तीच जुनी एफटीपी, अंगावर सुरक्षेचं चिलखत चढवलेली. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही साध्या एफटीपीला निरोप दिला.

तेव्हा निवड अशी करा: होस्टिंग कंपनी एसएफटीपी देत असेल तर तेच घ्या, नसेल तर एफटीपीएस. दोन्ही नसेल तर कंपनी बदलायचा विषय मंडळाच्या बैठकीत काढा. कारण तो एक पासवर्ड फुटला, तर मंडळाचे सगळे जुने फोटो आणि अंक परक्याच्या हाती जातात. फाइलींची एक प्रत नेहमी डावीकडच्या खणात, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर ठेवा.

एसएफटीपीनं पहिल्यांदा जोडताना सॉफ्टवेअर आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ दाखवून विचारतं, ‘हा सर्व्हर तुमच्या ओळखीचा आहे का?’ बहुतेक जण न वाचता ‘हो’ दाबतात. तुम्ही तसं करू नका. होस्टिंग कंपनीनं दिलेल्या ओळीशी ती ताडून बघा. दोन मिनिटं लागतील. १९७१ च्या वाड्यात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नव्हतं, आपल्याला मात्र तो विचारावाच लागतो.