उरुळीचा उकिरडा

उकिरडा हा मूळचा खेड्यातला शब्द. परसातील तो ढीग वर्षाअखेर खत होऊन शेतात परते. १९८१ पासून पुण्याचा कचरा उरुळी देवाचीच्या ४३ एकरांवर पडू लागला, तो मात्र साचतच गेला. २००३ साली फुरसुंगीच्या शिवारातील आणखी १२० एकर त्यास जोडले गेले. नकाशावरील रंग बदलावयास एक सही पुरली. नासलेल्या विहिरी कोणत्याही सहीने निवळल्या नाहीत. उरुळीस शहराचा कचरा आधी लाभला, महापालिकेत स्थान छत्तीस वर्षांनी, २०१७ मध्ये. आणि २०२४ मध्ये दोन्ही गावे पुन्हा वगळून निराळी नगरपरिषद झाली. आम्ही कारकून मंडळी 'सार्वजनिक प्रयोजन' हे शब्द नित्य लिहितो. त्यांतील 'सार्वजनिक' कोण, हे आम्हांस या विहिरींनी विचारले आहे.