कॅम्पर व्हॅनला लोखंडी बंपर लावताय? ताडोबा-भामरागडकडे निघण्याआधी हे वाचा

चंद्रपुरात 'कॅम्पर' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती महिंद्राची बोलेरो कॅम्पर. पुढे माणसं, मागे उघडा हौदा आणि बऱ्याचदा नाकावर जाडजूड लोखंडी गार्ड. हा लेख दुसऱ्या कॅम्परबद्दल आहे. आत झोपायला पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि छतावर सोलर पॅनल असलेली, ट्रॅव्हलर, विंगर किंवा गुरखासारख्या गाडीवर तयार केलेली कॅम्पर व्हॅन. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि रील्समुळे अशा गाड्यांची हौसही वाढली.

ही गाडी घेऊन मोहर्ली, आलापल्ली किंवा भामरागडकडे निघायचं ठरलं की मित्रांच्या ग्रुपमध्ये एक सल्ला हमखास येतो. "जंगलाचा रस्ता आहे, पुढे मजबूत बंपर टाकून घे. रानडुक्कर आडवं आलं तर?"

सल्ला काळजीपोटीच दिलेला असतो, पण त्यात तीन अडचणी आहेत. एक कायद्याची, दुसरी गाडीच्या रचनेची आणि तिसरी रस्त्यावरून पायी चालणाऱ्या माणसाची.

कायदा काय म्हणतो?

७ डिसेंबर २०१७ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं. गाड्यांवर परवानगीशिवाय बसवलेले क्रॅश गार्ड आणि बुलबार हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन आहे, त्यावर कारवाई करा, असं त्यात सांगितलं होतं. पादचारी आणि गाडीत बसलेले लोक, दोघांनाही यापासून धोका आहे, हे कारणही त्यात दिलं होतं.

कलम ५२ चा मुद्दा थोडक्यात असा: कंपनीने गाडीचा जो तपशील दिला आणि जो नोंदणीत आला, त्याच्याशी विसंगत बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कायद्यात कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

"पण इथे तर निम्म्या गाड्यांना गार्ड आहेत!" खरं आहे. एमएच-३४ आणि एमएच-३३ च्या रस्त्यांवर असे गार्ड सर्रास दिसतात आणि दुकानात ते उघडपणे विकलेही जातात. विकायला असणं आणि लावायला परवानगी असणं यात मात्र फरक आहे. तो कळतो अपघातानंतर, विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघायला येतो तेव्हा. न कळवलेला आणि नियमात न बसणारा बदल दिसला की दाव्यावर प्रश्नचिन्ह लागू शकतं.

कॅम्पर व्हॅनच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. मोटार कॅरॅव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्था अशा चाचण्या करतात. त्यामुळे व्हॅन तयार करून देणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारायचा: मंजुरीच्या कागदांमध्ये गाडीचा पुढचा भाग कसा दाखवला आहे? मंजूर झालेल्या नमुन्यातच तो बंपर असेल तर बोलणं पुढे न्यायला हरकत नाही. "आरटीओ पासिंग झाल्यावर आपण लावून देतो" असं उत्तर आलं तर तिथेच थांबलेलं बरं.

प्लॅस्टिकचा बंपर इतका 'नाजूक' का असतो?

बाहेरून दिसणारं प्लॅस्टिक म्हणजे फक्त आवरण. त्यामागे आडवी धातूची पट्टी असते आणि ती पट्टी गाडीच्या सांगाड्याला जोडणारे, धडक बसली की चुरगळणारे तुकडे असतात. बंपर हे गाडीला अभेद्य करण्यासाठी बनवलेलंच नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या आर-४२ या नियमानुसार बंपरची चाचणी होते ती ताशी फक्त ४ किलोमीटर वेगाने, म्हणजे पार्किंगमध्ये लागणाऱ्या धक्क्यांसाठी. त्याहून मोठ्या धडकेत पुढच्या भागाने चुरगळावं हीच अपेक्षा असते. तो जितका चुरगळतो, तितका धक्का आत बसलेल्यांपर्यंत कमी पोहोचतो.

आता त्याच्या पुढे जाड पाइपचा गार्ड थेट चासीला बोल्ट करा. धक्का चुरगळणाऱ्या भागाला वळसा घालून सरळ सांगाड्यात जातो. एअरबॅगचा सेन्सर गाडीचा वेग किती झपाट्याने कमी झाला हे मोजून निर्णय घेतो आणि तो हिशोब कंपनीने मूळ बंपर धरून बसवलेला असतो. पुढचा भाग बदलला की एअरबॅग उशिरा उघडण्याची किंवा नको तेव्हा उघडण्याची शक्यता निर्माण होते. भारतात कार गटातल्या नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची आहे. त्यामुळे 'जुन्या जीपला तर गार्ड होता' ही तुलना आता चालत नाही.

व्हॅनमध्ये आणखी एक अडचण आहे. ट्रॅव्हलर किंवा विंगरचं नाक आखूड असतं. चालकाचे पाय आणि गाडीचं तोंड यांच्यात अंतर कमी, म्हणजे चुरगळायला जागाही कमी. जी आहे ती तरी गमावू नये.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे कांगारूंमुळे बुलबार खूप वापरले जातात, हे बरोबर आहे. पण तिथे बुलबारसाठी स्वतंत्र मानक आहे आणि चांगले उत्पादक एकेका मॉडेलच्या एअरबॅगशी जुळवून बार बनवतात. युरोपीय संघाने २००५ मध्येच अशा बारसाठी पादचारी सुरक्षेच्या चाचण्या आणल्या. ऑनलाइन मागवलेला 'युनिव्हर्सल फिट' बार किंवा गॅरेजमध्ये वेल्ड करून घेतलेला गार्ड यातल्या कुठल्याच चाचणीतून गेलेला नसतो.

जनावर आडवं आलं तर बंपर वाचवेल का?

मूळ भीती हीच आहे आणि ती खोटी नाही. चंद्रपूर-मूल रस्ता जंगलातून जातो. गडचिरोलीचा तर बहुतांश भाग जंगलच आहे. चितळ, सांबर, नीलगाय, रानडुक्कर, अस्वल, रानगवा, काहीही समोर येऊ शकतं. २०२१ पासून गडचिरोलीत छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा कळपही वावरतो आहे.

पूर्ण वाढलेला सांबर नर दोनशे किलोंच्या वर जातो आणि रानगव्याचा नर सात-आठशे किलोंच्याही पुढे. दोघांचे पाय लांब. धडक बसते ती पायांना, आणि धड येतं बंपरच्या वरून, थेट काचेकडे. आखूड नाकाच्या व्हॅनमध्ये मध्ये बॉनेटही फारसं नसतं. कमरेएवढ्या उंचीचा गार्ड काचेचं रक्षण करत नाही. रानडुक्कर किंवा चितळ असेल तर गार्डमुळे रेडिएटर आणि हेडलाइट कदाचित वाचेल. गार्डच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगता येईल ते एवढंच.

ताशी ६० च्या वेगात, चालकाला सावरायला दीड सेकंद धरला तर कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबायला साधारण ४५ मीटर लागतात. ताशी ८० ला हेच अंतर ७० मीटरच्या आसपास जातं. डिपरवर दिवे असताना रस्ता नीट दिसतो तो साधारण ४०-५० मीटर. म्हणजे ८० ने जाताना जनावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, बंपर कुठलाही असो. शिवाय ६० च्या तुलनेत ८० च्या धडकेतली ऊर्जा जवळपास पावणेदोन पट असते.

मंत्रालयाचं पत्र निघालं त्याच महिन्याच्या अखेरीस नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीच्या धडकेत बोरच्या जंगलातला 'बाजीराव' वाघ मेला. महामार्गावर असे मृत्यू कमी करायचा उपाय पेंचजवळच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर दिसतो. तिथे वर रस्ता आणि खाली जनावरांसाठी वाट, असे भुयारी मार्ग केले आहेत आणि त्यातून वाघही जाताना कॅमेऱ्यात टिपले गेले आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बहुतेक रस्त्यांवर अशी सोय नाही.

एक गोष्ट मात्र फारशी कुणी बोलत नाही. या रस्त्यांवर वाघापेक्षा माणूस आडवा येण्याची शक्यता कितीतरी जास्त. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला लोक पहाटे अंधारातच निघतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. संध्याकाळी गुरं परततात, त्यांच्या मागे गुराखी. सायकली, दिवे नसलेल्या बैलगाड्या. प्लॅस्टिकचा बंपर माणसाला लागला तर तो काही प्रमाणात दबतो. लोखंडी पाइप दबत नाही, तो मांडीचं किंवा कमरेचं हाड मोडतो, आणि लहान मूल असेल तर पाइप छाती-डोक्याच्या उंचीवर येतो. आपल्या रेडिएटरच्या काळजीपोटी हा धोका दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा का, हे गार्ड बसवण्याआधी ठरवायचं आहे.

मग पुढच्या भागात बघायचं तरी काय?

पहिलं म्हणजे चढाचा कोन. पुढचं चाक चढाला लागण्याआधी बंपर टेकतो का, हे त्यावर ठरतं. फोर्सच्या गुरखाचा हा कोन कंपनी ३९ अंश सांगते. ढोबळ हिशोब करा: बंपरची खालची कड जमिनीपासून ४० सेंटिमीटर वर आणि टायर जिथे टेकतं त्याच्या ५० सेंटिमीटर पुढे असेल तर कोन येतो सुमारे ३९ अंश. विंच बसवायला बंपर १० सेंटिमीटर पुढे आला की तोच कोन ३४ वर येतो. म्हणजे ऑफरोडसाठी केलेला खर्च ऑफरोडलाच मारक. ट्रॅव्हलर, विंगरचा कोन मुळातच कमी, तिथे एक अंशही सोडायला परवडत नाही.

दुसरं वजन. स्टीलचा बंपर आणि विंच मिळून ८० किलो सहज होतात. हे वजन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकतं, त्यामुळे तरफेसारखं काम करतं. २.४ मीटर व्हीलबेसच्या गाडीत ॲक्सलच्या ९० सेंटिमीटर पुढे ८० किलो टांगले तर पुढच्या चाकांवर वाढतात ११० किलो आणि मागच्या चाकांवरून ३० कमी होतात. पाण्याची टाकी, बॅटरी, पलंग यांनी आधीच जड झालेल्या व्हॅनचे स्प्रिंग, ब्रेक आणि स्टिअरिंग यांना ते सोसावं लागतं.

तिसरं, आणि इथे सगळ्यात कामाचं, म्हणजे ओढायचा हूक. काळ्या मातीत पावसाळ्यात गाडी रुतली तर मदतीला येतो तो जवळच्या गावातला ट्रॅक्टर. त्याचा दोर बांधायचा कुठे? बंपरला बांधला तर बंपर हातात येतो. बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या बंपरवर एक छोटं झाकण असतं. त्यामागे आटे असलेलं भोक असतं आणि टूलकिटमध्ये त्यात फिरवून बसवायचा लोखंडी डोळा. अनेकांना गाडी विकेपर्यंत हे माहीत नसतं. निघण्याआधी तो डोळा एकदा बसवून बघा, आटे गंजले असतील तर साफ करून घ्या. मात्र हा डोळा सपाट रस्त्यावर सरळ ओढण्यासाठी असतो. चिखलातून झटके देऊन काढायला चासीवरचे, कंपनीने दिलेले हूकच वापरायचे. दोर ताणलेला असताना आजूबाजूला कुणी उभं राहायचं नाही. तुटलेला हूक गोळीसारखा येतो.

बंपरवर एलईडीची लांब पट्टी लावायचा मोहही आवरलेला बरा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १११ पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला पूर्वपरवानगीशिवाय मनाई करतो. समोरच्याचे डोळे दिपतात, आणि अशा झोतात हरीण रस्त्यावरच खिळून उभं राहतं. रात्री जंगलात सर्चलाइट फिरवणारी गाडी वनरक्षकाला शिकाऱ्याची वाटली तर त्याला दोष देता येणार नाही.

आणि मुळात हा सगळा खटाटोप कशासाठी? ताडोबाची सफारी वनविभागाकडे नोंद असलेल्या गाडीतूनच होते. तुमची व्हॅन गेटबाहेर उभी राहणार. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर येतं तेव्हा रस्ताच बंद होतो, तिथे बंपर किंवा विंच काही करू शकत नाही. गुरखासारखी गाडी ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, पण तो आकडा वाहत्या पुरासाठी नाही. अशा वेळी आलापल्लीतच मुक्काम करायचा.

जुनी व्हॅन घेत असाल आणि तिला आधीच गार्ड असेल तर काढून घ्या. काढल्यावर चासीला नवी भोकं पाडली आहेत का, वेल्डिंगच्या जागी गंज चढला आहे का, मागची पट्टी कापली आहे का, हे बघा. पट्टी कापलेली असेल तर किमतीतून मूळ सुटे भाग आणि मजुरी वजा करूनच बोलणी करा. आणि काळजी घेऊनही वाटेत जनावराला धडक बसलीच, तर जवळ जाऊ नका. गाडी बाजूला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.