विंचवाचें बिऱ्हाड आणि कोंकणचा किनारा

'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण सारेच सहज वापरतों. वरचेवर घर बदलणाऱ्या नोकरदाराला ती थट्टेनें लावतों आणि दुसऱ्या विषयाकडे वळतों. विंचवीण आपलीं पिलें खरोखरच पाठीवर घेऊन हिंडते, हें म्हण करणारानें डोळ्यांनीं पाहिलें असलें पाहिजे. आज मला ज्या प्रवासाविषयीं बोलावयाचें आहे, तो असाच बिऱ्हाड बरोबर घेऊन करावयाचा प्रवास आहे.

महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन पर्यटनाचें धोरण ठरविलें. कॅरव्हॅन म्हणजे जिच्यांत निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय आहे अशी मोटार. ती घेऊन कोंकणच्या किनाऱ्यानें सावकाश जावें, मनास येईल तेथें थांबावें, खडकावर बसून गरी टाकावी, ओहोटीला खेकडे धरावे आणि सायंकाळीं आपल्याच चुलीवर शिजवून खावे, ही कल्पना शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना मोहविते आणि त्यांत गैर असें कांहीं नाहीं. मात्र चाकांवरचें घर ही वस्तु आपल्याकडे नवी आहे असें जें म्हटलें जातें, तें मला पटत नाहीं. घर जुनेंच आहे. नवा आहे तो सावकाशपणा. हें दाखविण्यासाठीं मला आरंभ समुद्रापासून न करतां पाटोद्यापासून करावा लागेल.

पाटोदा हें बीड जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव बालाघाटाच्या डोंगराळ प्रदेशांत आहे. तेथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेनें मोजला तरी अडीचशें किलोमीटरहून दूर. याच तालुक्यांत मांजरा उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीस मिळते. विंचरणा सौताड्याच्या कड्यावरून खालीं उडी घेते आणि सीनेची वाट धरते. म्हणजे तालुक्यांत पडलेलें पाणी गोदावरीनें गेलें काय किंवा सीना, भीमा, कृष्णा या मार्गानें गेलें काय, पोंचतें पूर्वेच्याच समुद्राला. जवळच्या अरबी समुद्राच्या वांट्याला त्यांतला एक थेंबहि येत नाहीं. येथलीं माणसें मात्र पोटासाठीं पाण्याच्या उलट, पश्चिमेकडे जातात.

बिऱ्हाडासह चाललेले प्रवासी या मुलखानें पुष्कळ पाहिले आहेत. खर्डा पाटोद्याहून फार दूर नाहीं. ११ मार्च १७९५ रोजीं तेथें मराठ्यांची आणि निजामाची लढाई झाली, ती शाळेंत आपण सर्वांनींच वाचली आहे. परंतु निजामअली तेथवर आला कसा, हें पाहण्यासारखें आहे. बिदराहून निघून मांजरेच्या कांठाकांठानें तो वर चढत आला आणि मोहरीचा घाट उतरून खर्ड्याच्या बाजूस वळला. नदीकांठचा हा रमणीय प्रवास त्यानें आपला जनाना बरोबर घेऊन केला. तोफा सुरू झाल्यावर जनान्यांत घबराट उडाली आणि त्या आग्रहामुळें तो खर्ड्याच्या किल्ल्यांत शिरला, तेथेंच पुढें कोंडला गेला, असें इतिहासकार सांगतात. मराठ्यांच्या छावणींतहि बाजार असे आणि बुणगे असत. त्या काळीं फौज चाले म्हणजे एक शहरच चाले. या शहराला दाणा पुरविणारे लमाण तर बारमाही फिरते. त्यांच्या बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या, बरोबर बायकामुलें, मुक्काम पडेल तें गांव. १८०३ च्या युद्धांत आर्थर वेलस्लीलाहि धान्यासाठीं त्यांच्याच तोंडाकडे पाहावें लागलें. पुढें पक्क्या सडका आणि आगगाड्या झाल्या आणि तांड्यांचा हा व्यापार बसला.

फौजा गेल्या, तांडे थांबले. पाटोद्याच्या रस्त्यावरचीं फिरतीं बिऱ्हाडें मात्र संपलीं नाहींत. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० सालीं सुरू झाला, त्याच्या मागून पश्चिम महाराष्ट्रांत कारखान्यांची रांग उभी राहिली, आणि ऊस तोडण्यास माणसें लागूं लागलीं. बालाघाटावरचें कोरडवाहू शेत वर्षभर घर चालवीत नाहीं; १९७२ च्या दुष्काळानें तर उरलासुरला धीरहि नेला. तेव्हांपासून दिवाळीच्या सुमारास पाटोदा आणि शेजारचे तालुके रिकामे होऊं लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. हिशेब माणसांचा नसून हत्याराचा असतो, हें ज्यानें प्रथम ठरविलें त्याला भाषा चांगली कळत असली पाहिजे. पूर्वीं हा प्रवास बैलगाडींतूनच होई. हल्लीं बऱ्याच टोळ्या ट्रकांतून व ट्रॅक्टरांतून जातात. वाहन कोणतेंहि असो, त्यांत पिठाचीं पोतीं, भांडीं, गोधड्या, डालग्यांतल्या कोंबड्या, एखादी शेळी आणि या सर्वांवर बसलेलीं मुलें असतात. कारखान्याच्या तळावर कोपी उभी करावयाची, पहाटेच्या काळोखांत फडावर जावयाचें, आणि उन्हाळा लागला म्हणजे त्याच वाटेनें परतावयाचें. मुलांची शाळा या पांच-सहा महिन्यांत सुटते ती कित्येकांची कायमचीच सुटते. पाटांतला एखादा मासा किंवा बांधाच्या बिळांतला खेकडा त्यांच्या हातीं लागला, तर रात्रीच्या भाकरीला तेवढेंच कालवण होतें. कॅरव्हॅनच्या जाहिरातींत जें जें असतें, तें सारें येथें आहे: घर चाकांवर, चूल उघड्यावर, मासे-खेकडे हातानें धरलेले. फक्त कोठें थांबावयाचें हें प्रवाशानें ठरविलेलें नसतें.

आतां किनाऱ्याकडे वळूं. देशावर चाकें चाललीं. कोंकणच्या किनाऱ्यावर तीं चाललींच नाहींत, कारण किनाऱ्याला समांतर अशी अखंड वाट तेथें नव्हती. सह्याद्रीवरून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळतांना खाडी करते. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, कर्ली, तेरेखोल, अशी एकामागून एक पाण्याची दारें उघडीं. पलीकडचें गांव डोळ्यांना दिसतें, तेथल्या कोंबड्याची बांग ऐकूं येते, आणि गाडीनें जावयाचें तर अर्धा दिवस आंत वळसा! म्हणून कोंकणी माणसाचा राजरस्ता समुद्र हाच होता. गलबतें, मचवे आणि त्यानंतर आगबोटी. आगबोट दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत जाई. पुष्कळ ठिकाणीं ती बाहेर खोल पाण्यांतच उभी राही आणि उतारूंना हेलकावणाऱ्या पडावांत उतरावें लागे. ट्रंका, आंब्याच्या पेट्या, तान्हीं मुलें हातोहात खालीं दिलीं जात. पावसाळ्यांत ही वाहतूक बंद.

या वाटेनें सुख दिलें तसें दुःखहि दिलें. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. देश स्वतंत्र होण्यास महिनाहि उरला नव्हता. अलिबागकडच्या कित्येक घरांत त्या वर्षीं स्वातंत्र्याचा सण सुतकांत आला. जमिनीवरची वाटहि नेहमीं निर्धोक ठरली असें नाहीं. महाडजवळचा सावित्रीवरील जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरानें नेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या गेल्या.

किनाऱ्यानें मोटार नेणें साधूं लागलें तें गेल्या कांहीं दशकांत. कांहीं खाड्यांवर पूल झाले. दाभोळ व धोपावे यांच्यामध्यें २००३ सालीं मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली, आणि तिच्या मागून इतर खाड्यांवरहि तशा बोटी आल्या. रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी महामार्ग मात्र अजून पुरता जुळलेला नाहीं. मला विचाराल तर कॅरव्हॅनच्या प्रवाशाचें त्यांत कांहीं बिघडत नाहीं. फेरीबोटीची वाट पाहत धक्क्यावर घालविलेला अर्धा तास हाच या सहलीचा उत्तम भाग आहे. तेवढ्या वेळांत खाडी वाचतां येते.

आणि ज्याला मासे-खेकडे धरावयाचे आहेत त्याला खाडी वाचतां आलीच पाहिजे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें, पाणी उंच चढतें आणि दूरवर ओसरतें. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हां पाण्याची ओढ मंद. गरी टाकून बसणाऱ्याला वळतें पाणी मानवतें. खेकड्याची तऱ्हा निराळी. त्याला कोळी चिंबोरी म्हणतात, मालवणकडे कुर्ली म्हणतात. खाडीच्या तिवरांतला मोठा काळा खेकडा चिखलांत खोल बीळ करून राहतो. पाणी ओसरलें म्हणजे माहितगार माणूस बिळाच्या तोंडावरील ताजी माती पाहून आंत आहे कीं नाहीं तें ओळखतो आणि लोखंडी आंकडा घालून त्याला बाहेर काढतो. दुसरी रीत सोपी आहे: लोखंडी कडीला जाळें ताणावें, मध्यें माशाचें डोकें बांधावें, दोरीनें पाण्यांत सोडावें आणि थोड्या वेळानें एका दमांत वर ओढावें. नवख्यानें ही दुसरीच पत्करावी. मोठ्या नांगीनें धरलेलें बोट लवकर सुटत नाहीं.

खेकडा हातीं आला कीं त्याला उलटा करून पाहावा. पोटावरची झडप अरुंद व टोकदार असेल तर नर, रुंद व गोलसर असेल तर मादी. झडपेखालीं अंड्यांचा पुंजका दिसला तर तिला परत सोडणें योग्य. खाडीची मादी अंडीं फुटण्याच्या वेळेस मोकळ्या समुद्राकडे जाते. तिचीं पिलें जन्मतांच सूक्ष्म रूपानें पाण्यावर तरंगत दूर जातात आणि आईशीं त्यांचा संबंध उरत नाहीं. नुकतीच कात टाकलेला खेकडा मऊ आणि पाणचट असतो. त्याला धरून उपयोग नाहीं, चवहि नाहीं. आणि किनाऱ्यावर शंखच चालूं लागलेला दिसला तर दचकूं नये. तो दुसऱ्याच्या शंखांत बिऱ्हाड करून राहणारा खेकडा असतो. म्हण करणारा कोंकणांत जन्मता तर त्यानें विंचवाऐवजीं याचीच निवड केली असती.

ज्या वाळूवर आपण मौजेनें गरी टाकतों, तेथेंच रापणकरांचें पोट आहे, हें प्रवाशानें विसरूं नये. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचें प्रचंड जाळें. त्याचें एक टोक किनाऱ्यावर धरून होडीनें समुद्रांत अर्धवर्तुळ घ्यावयाचें, दुसरें टोक दूर किनाऱ्यास आणावयाचें, आणि पुष्कळ जणांनीं मिळून दोन्हीकडून ओढीत आणावयाचें. मिळेल त्याचे वांटे पडतात. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या यांत्रिक नौका थवेच्या थवे बाहेरच उचलूं लागल्या, तशी रापण रिकामी येऊं लागल्याची तक्रार सिंधुदुर्गांत वाढली. समुद्रांत भांडणें झालीं. शासनानें १९८१ सालीं सागरी मासेमारीचा कायदा केला होता. पुढें फेब्रुवारी २०१६ मध्यें पर्ससीनवर निर्बंध घातले. तंटा त्यानें मिटला नाहीं. रापण ओढणारांना आपण चार हात लावले तर ते नाहीं म्हणत नाहींत, बहुधा मूठभर मासळीहि देतात. ती घेतांना दाम विचारावा.

१ जूनला कोंकणांत यांत्रिक मासेमारी दोन महिने बंद होते. होड्या वाळूवर ओढून झांपांनीं शाकारतात. कॅरव्हॅनवाल्यांचीहि पाठ फिरलेली असते. त्याच सुमारास पाटोद्याकडे कारखान्यावरून परतलेल्या गाड्या दारापुढें उभ्या असतात आणि बैल तिफणीला लागलेले असतात. मृगाचा पाऊस पडला कीं बालाघाटाच्या ओढ्यांतले खेकडे बिळांतून बाहेर येतात आणि मुलें रात्रीं बॅटरी घेऊन त्यांच्या मागें धांवतात. या गोड्या पाण्यांतल्या खेकडीचीं पिलें समुद्रांतल्यासारखीं तरंगत जात नाहींत. अंड्यांतून निघाल्यावरहि तीं आईच्या पोटाच्या झडपेखालीं चिकटून राहतात, आणि ती त्यांना घेऊनच हिंडते. ओढ्याला पाणी आलें म्हणजे तीं एकेक करून सुटतात आणि मांजरेच्या कांठीं आपापलें बीळ शोधूं लागतात.